यादीतून उतरलेला डोंगर

परतीचा पाऊस दुपारी येतो. सकाळभर आकाश इतकं निळं असतं की गॅलरीतल्या पांढऱ्या चादरी डोळ्यांना टोचतात. मग जेवणं आटोपतात न आटोपतात तोच मलंगगडाच्या बाजूला एक ढग उभा राहतो. आषाढातले ढग आडवे पसरतात, हा उभा चढतो. ठाकुर्लीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तो मला भाकरी थापतानाही दिसतो. आईला आता ऐकू कमी येतं, पण त्या ढगाचा आवाज तिला छातीत कळतो. "वंदना, कपडे," एवढंच ती म्हणते. मी कपडे काढायला जाते आणि ओलसर चादर हातात घेऊन तिथेच उभी राहते. आई आतून दोनदा हाक मारते. तिला माहीत आहे मी कुठे बघते आहे ते.

हा ऋतू पूर्वी माझा सगळ्यात लाडका होता. मी जमीन मोजणारी बाई. पंचवीस वर्षं हेच केलं. पावसाळाभर आम्ही कार्यालयात नकाशांवर वाकून बसायचो आणि सप्टेंबर सरता सरता यंत्रं खांद्यावर घेऊन बाहेर पडायचो. कमरेएवढं गवत टोकाकडून पिवळं पडायला लागलेलं असायचं. सोनकीची फुलं, तेरड्याची फुटायला आलेली बोंडं, हवेत स्थिर उभे राहिल्यासारखे चतुर. बुटांना चिकटलेली कुसळं घरी येऊन काढत बसण्यातसुद्धा मजा होती. आई म्हणायची, "डोंगर पायाला लावून आणतेस घरी." ऊन तापलेलं, अंगाला चिकचिक, आणि टेकडीच्या माथ्यावर पोचलं की खाडीकडून एक वारा यायचा. त्या वाऱ्यात डबा उघडायचा. त्याहून मोठं सुख मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, आमच्याकडे डोंगरांची नवी उंची आली.

आधीच्या उंच्या जुन्या नकाशांवरून घेतलेल्या होत्या. तेव्हाच्या माणसांनी डोंगर चढून, काठ्या रोवून, दुर्बिणीतून बघून त्या काढल्या होत्या. अधलंमधलं अंदाजाने भरलं होतं. आता विमानातून लेसरचे किरण सोडून दर हातभर अंतरावरची जमीन मोजून झाली होती. गवताखालची, झाडाखालचीसुद्धा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची प्रत्येक टेकडी संगणकाच्या पडद्यावर सोललेल्या फळासारखी उघडी दिसायची. कुणी उंच निघालं, कुणी बुटकं. आम्ही चहाच्या वेळेला हसायचो, "आज कोण खाली आलं रे?"

पडद्यावर प्रत्येकापुढे तीन शब्दांपैकी एक निवडायचा होता. डोंगर, टेकडी किंवा उंचवटा. आजूबाजूच्या जमिनीपासून माथा किती वर आहे त्यावरून शब्द ठरायचा. त्यासाठी मर्यादा आखून दिलेल्या होत्या. जुन्या यादीत चुका होत्याच, त्या सुधारायला हव्याच होत्या. मलाही ते काम मनापासून पटलेलं होतं. शब्दच तर बदलायचा होता.

बोरीचा डोंगर मर्यादेच्या खाली आला तो जेमतेम एका माणसाच्या उंचीने.

मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांची रांग संपते तिथे, हा डोंगर. लोक त्याला डोंगर म्हणत, आमच्या जुन्या यादीत तो टेकडी होता आणि नव्या मोजणीने त्याचा उंचवटा झाला होता. मर्यादेच्या इतक्या जवळ आलेल्यांची प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करायची असा नियम होता. म्हणून मी आणि डॉमनिक सर निघालो.

डॉमनिक सर ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. वडिलांची खाडीकाठी भातशेती होती, ती गेली. सरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. डोक्यावर गवती हॅट, पाठीवर काळी लांब छत्री बांधलेली, डब्यात पाव आणि उकडलेली अंडी. यंत्र उभं करण्याआधी ते खाली बसून जमिनीवर तळवा टेकवायचे. मी एकदा कारण विचारलेलं. "काही नाही गं," म्हणाले, "कुणाच्या घरी गेल्यावर आपण आधी नमस्कार करतो ना?"

डोंगराच्या पायथ्याशी नऊ घरांचा पाडा होता. एक म्हातारी अंगणात खळं सारवत होती. भात कापणीला आलेलं होतं. तिचं नाव बायजाबाई. आमच्या यंत्राची तिवई बघून तिने शेणाचा हात तसाच वर धरला.

"काय गो बाय, काय मोजताव?"

"डोंगर मोजतोय मावशी. तो म्हणे थोडा खाली आलाय."

ती हसली. दोनच दात, पण हसणं भरघोस. मग तिने मला आंब्यापाशी नेलं. जुनं, दांडगं झाड. पण त्याचं खोड दिसतच नव्हतं. जिथे दोन मोठ्या फांद्या फुटतात ते बेचकं थेट जमिनीला टेकलेलं होतं, जणू आंबा छातीपर्यंत मातीत उतरला होता.

"हितं बसाला मना शिडी लागायची," बायजाबाई म्हणाली. "नवीन लगीन झालेला तवा. यो डोंगुर खाली नाय गेला बाय. जमीन वर आली."

तिचा मुलगा नामदेव जवळच्या कारखान्यात कामाला होता, त्या दिवशी पाळी संपवून नुकताच आलेला. त्याने सगळं सांगितलं. कितीतरी वर्षं शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राबिट इथे येऊन पडत होता. डंपर यायचे, ओतून जायचे. आधी ओहोळ बुजला, मग ओहोळाकडची खाचरं, मग आंब्याचं खोड. त्यावर माती टाकून सपाट केलं. पाड्यातली घरं जुन्या उंच जोत्यांवर होती म्हणून उरली, पण अंगणं आता उंबऱ्याला लागली होती.

"ओहोळाचं पाणी आता कुठून जातं?" सरांनी विचारलं.

नामदेवने खांदे उडवले. "जातं कुठूनतरी. खालून आवाज येतो."

आम्ही कान दिले. खरंच येत होता. भरावाखालून, अगदी खोलून, कुणी घरात नळ उघडा ठेवून गेल्यासारखा.

यंत्राने आमच्या समोर तोच आकडा दाखवला जो विमानाने दाखवला होता. चूक नव्हती. आजूबाजूची जमीन वर आली होती म्हणून डोंगर तेवढा ठेंगणा झाला होता. लेसरला राबिट आणि माती यातला फरक कळत नाही, जमीन ती जमीन.

मग आम्ही माथ्यावर चढलो. गवत दाट होतं. सर पुढे, मी मागे. अचानक ते थांबले आणि हात आडवा करून मला अडवलं. पायापुढे गवतात एक रेघ होती. दोन्ही काठांचं गवत एकमेकांत गुंतलेलं, त्यामुळे लांबून काहीच कळत नव्हतं. सरांनी पाठीवरची छत्री सोडली आणि टोक त्या रेघेत सोडलं. छत्री गेली, गेली आणि मुठीपर्यंत गेली. टेकली नाही. मी वाकले तर आतून गार हवा चेहऱ्यावर आली. भर ऑक्टोबरात, दुपारी बारा वाजता.

ती भेग आम्ही चालत मोजली. कोयत्याच्या पात्यासारखी वळत ती माथ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली होती. तिच्या खालच्या अंगाची झाडं एकाच दिशेला कलली होती. सरळ खाली पाड्याची कौलं दिसत होती, आणि एका अंगणात सारवण्याचा ओला गोल. बायजाबाई त्या गोलाच्या कडेला उकिडवी बसली होती. त्या दिवशी डबा उघडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

कार्यालयात आमचे साहेब होते. वाईट माणूस नव्हे. चहा मागवला, पंखा आमच्याकडे वळवला, सगळं ऐकून घेतलं.

"मोजणी बरोबर आहे की चूक?"

"बरोबर आहे साहेब. पण खालची जमीन भरावाची आहे, आणि वर भेग..."

"वंदनाताई, आपल्याला उंची विचारली आहे. भेगेचं खातं वेगळं, भरावाचं वेगळं. आपण आपलं बरोबर लिहायचं. तुम्ही शेऱ्यात लिहा ना हवं तर."

डॉमनिक सर खुर्चीतून उठले. "मी सही करत नाही," म्हणाले. आवाज न चढवता. साहेब म्हणाले, एकाची सही पुरते. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी सही केली.

याचं मी स्वतःला अनेक प्रकारे समजावलं आहे. आकडा खरा होता. खऱ्या आकड्याखाली सही करायला नाही कसं म्हणायचं? शिवाय शेरा मी लिहिणार होते, आणि लिहिलाही. पण शेऱ्याच्या चौकटीत ठरावीक अक्षरंच मावायची. मी टंकत गेले आणि पडद्यावर अक्षरं उमटायची थांबली. "माथ्यावर मोठी भेग, पायथ्याला भ" इथपर्यंत आलं. मी पुसून परत लिहिलं, शब्द आखडले, तरी पाड्यातल्या माणसांना जागा उरेना. शेवटी होतं तसंच ठेवून बटण दाबलं. बोरीपुढचा शब्द बदलला. बाहेर त्या दिवसाचा पाऊस सुरू झाला होता आणि डॉमनिक सर, छत्री असूनही, भिजत चालले होते.

सही केली तेव्हा एक गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या यादीवर दुसऱ्या याद्या उभ्या होत्या. एका खणातला शब्द बदलला की बाकीच्या आपोआप बदलायच्या. कुठे बांधता येईल ही एक यादी. पावसात दरडीचा धोका कुठे आहे ही दुसरी. या दुसरीवरून, मुसळधार पावसाचा इशारा आला की भोंगा लावलेली रिक्षा पाड्यापाड्यांतून फिरायची. घरं सोडा, शाळेत चला. दरवर्षी लोक तिला शिव्या द्यायचे आणि दरवर्षी निमूट शाळेत जाऊन बसायचे. आता यादीत जिथे डोंगरही नाही, टेकडीही नाही, तिथे दरड कुठून येणार?

सहीला दोन आठवडेही झाले नव्हते, विजयादशमीचा दिवस होता. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. मी आणि आई पांढऱ्या साड्या नेसून सकाळीच विहारात गेलो होतो. बुद्धवंदना झाली होती, खिरीचं पातेलं निघालं होतं, आईला पुढे खुर्ची मिळाली होती. तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. नामदेव. मीच त्याला माझा नंबर देऊन ठेवला होता.

"मॅडम, हॅपी दसरा. एक विचारू? काल रात्रीपासून इशारा आलाय ना पावसाचा? पलीकडच्या दोन्ही पाड्यांना भोंगावाली रिक्षा येऊन गेली. आमच्याकडे आलीच नाही. विचारलं तर बोलले, तुमचं नाव नाही यादीत. आमचं काय कमी झालं?"

मी विहाराच्या पायऱ्यांवर उभी होते. पलीकडच्या चाळीच्या गच्चीवर कुणीतरी पंचरंगी झेंडा लावत होतं. नामदेव फोनवर हॅलो, हॅलो करत राहिला. त्यांचं काय कमी झालं होतं ते त्या क्षणी मला कळलं.

कार्यालयाला सुट्टी. साहेबांचा फोन लागेना. आणखी दोन ठिकाणी लावला, एकाने सुट्टीनंतर अर्ज द्या म्हणून सांगितलं. मग डॉमनिक सरांना केला. मी पुरतं सांगायच्या आत ते म्हणाले, "निघालोच. तू पुढे हो." आईला शेजारच्या मुलीच्या हवाली केलं आणि तशीच पांढऱ्या साडीत रिक्षात बसले.

पाड्यात सणाची गडबड होती. दारांना झेंडूची तोरणं, चुलीवर वडे. नामदेवने मोटारसायकलला हार घातला होता. मी येताच बायजाबाईने पाटावर बसवलं, हातात वडा ठेवला. मी म्हटलं, मावशी, आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी निघायचं. ती हसायला लागली. कुणीच मनावर घेईना. नामदेव म्हणाला, "मॅडम, दरवर्षी जातो आणि दरवर्षी काही होत नाही. या वर्षी सरकारनेच सांगितलं की धोका नाही. सणाचं पोरंबाळं घेऊन शाळेत कुठे बसायचं?"

मी त्याला सांगायला हवं होतं की ते सरकार म्हणजे मीच. वडा हातात गार झाला.

दोनच्या सुमारास डॉमनिक सर पोचले. आधी आंब्यापाशी गेले, खाली बसले आणि तळवा जमिनीवर ठेवला. मग कान लावला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही.

"पाण्याचा आवाज बंद झालाय," ते म्हणाले. "रोज इतका पाऊस होऊनही बंद. ते आत साठतंय."

बायजाबाई खळ्यावर उभी होती. तिनेही ऐकलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही ते ऐकलं. ती घरात गेली. चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं, वड्यांची टोपली कडेवर घेतली आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली, "चला रं समदी. मी चालली. ज्याला ऱ्हायचा त्यानी ऱ्हावा."

म्हातारी निघाली तशी बाकीची निघाली. कुरकुरत, तोरणांकडे बघत, ताटं झाकून. रस्त्यापलीकडे एका बंद कारखान्याची शेड होती, तिथे सगळे जमलो. सरांनी माणसं मोजली, मग परत मोजली. एकूण एक आले होते. तोवर ढग डोक्यावर आला होता आणि तीन वाजता संध्याकाळसारखा काळोख झाला होता. पाऊस पडायला लागला तो थेंबांनी नाही, एकदम.

शेडमध्ये हायसं वाटत होतं, हे मला आजही आठवतं. मुलं पत्र्यावरच्या आवाजाला ओरडून उत्तर देत होती. टोपलीतले वडे फिरले. सर माझ्या शेजारी बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. "साडी खराब झाली तुझी," म्हणाले.

नामदेवला म्हशीची आठवण झाली ती तेव्हा. गोठा घरामागे, डोंगराच्या अंगाला. घाईत कुणी दावं सोडलंच नव्हतं. "गाभण आहे ती," तो आईला म्हणाला. बायजाबाईने त्याचा शर्ट धरला. सरांनी दंड धरला. तो आडदांड माणूस, हसत दोघांच्या हातून सुटला आणि डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन रस्ता ओलांडून पळाला. आम्ही त्याला अंगणात पोचलेला बघितला. घराच्या कोपऱ्यावरून तो मागच्या बाजूला वळला.

मला वाटलं डंपर रिकामा होतो आहे. तसाच आवाज, फक्त तो संपेना. मग मी वर बघितलं. माथ्यावरची झाडं उभीच्या उभी खाली येत होती, पडत नव्हती, चालत होती. त्यांच्या मागे डोंगराची लाल छाती उघडी पडली. आंबा एकदा हलला आणि दिसेनासा झाला. कौलं दिसेनाशी झाली. सगळं भरावापर्यंत आलं, भराव स्वतःच पुढे सरकला आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबला. त्यानंतर नुसता पावसाचा आवाज.

बायजाबाईने हातातली टोपली हळूच खाली ठेवली आणि रस्त्याकडे चालायला लागली. तिला धरायला आम्ही सहा जण लागलो.

म्हैस वाचली होती. तिने आधीच दावं तोडलं होतं. आम्ही माती उपसत असताना ती रस्त्याच्या वळणावर उभी होती आणि रवंथ करत होती. नामदेव दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. मी तोवर तिथेच होते. माझी साडी कमरेपर्यंत लाल झाली होती. घरी आल्यावर आईने ती न धुता तशीच गुंडाळून कुठे नेऊन टाकली, मी विचारलं नाही.

वर्तमानपत्रांत आलं की दोन कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानाने नऊ कुटुंबं वाचली. कार्यालयात साहेबांनी गुच्छ दिला. डॉमनिक सरांनी तो घेतला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा मला का नाही अडवलंत? ते बराच वेळ हॅटची कड चाचपत होते. म्हणाले, "मला वाटलं माझी सही नाही म्हणजे मी सुटलो. आपण दोघांनीही आपापली कातडी वाचवली, वंदना. तू आकड्यामागे लपलीस, मी न केलेल्या सहीमागे."

बायजाबाई आता कोपरीला मुलीकडे राहते. मी महिन्याला जायचे. फळं न्यायचे, बसायचे. ती मला बाय म्हणायची, माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. शेजारणींना सांगायची, "ही नसती तं आमी कोनीच नसतो." दर वेळी हे ऐकून परतताना स्टेशनचा जिना मला चढवेना. वर्षभर मी हे सहन केलं आणि मग एका दुपारी तिला सांगितलं. यादी, शब्द, सही, रिक्षा का आली नाही ते. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, "तुजी सही?" मी हो म्हटलं. तिने माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला, उठली, आत गेली. बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. "आई जरा आडवी पडलीये," ती म्हणाली. मग खाली बघत, "ताई, तुम्ही नका येत जाऊ आता."

मी गेले नाही. तिचा तो हक्क होता.

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर बोरीची फाईल पुन्हा आली. दरड कोसळल्यावर माथा खाली आला, खालची जमीन आणखी वर आली. दोन्हीकडून फरक घटला. नव्या मोजणीत त्या बाजूला उंचवटाही उरत नव्हता. सगळ्या बोरीसाठी सुचवलेला शब्द आधीच्या तिन्हींच्या बाहेरचा होता, सपाट. आकडा पुन्हा खरा होता. मी तीनदा तपासला. या वेळी मी सही केली नाही. चार पानी पत्र हाताने लिहिलं, भेग, भराव, ओहोळ, नामदेवचं नाव, माझं नाव, सगळं. चौकटीत मावायचा प्रश्न नव्हता. आवक खिडकीवर दिलं, पोच घेतली. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने फाईल पुढे गेली.

म्हणून काल मी तिथे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या अंगाला, जी बाजू पडली नव्हती तिच्या पायथ्याशी, तीन इमारती उभ्या आहेत. पायथा सरळ कापून सिमेंटची भिंत घातली आहे. फाटकावर मोठा फलक, हिरवा डोंगर, त्याच्यापुढे हसणारं कुटुंब आणि खाली लिहिलेलं, डोंगराच्या कुशीत तुमचं घर. आमच्या कागदावर नसलेला डोंगर फलकावर होता.

फलकाखाली एक जोडपं उभं होतं. तिशीच्या आतलं. बाईच्या कडेवर झोपलेलं मूल. माझ्या हातातले त्या पत्राच्या प्रतीचे कागद बघून तिला मी तिथलीच कुणी वाटले.

"ताई, इथे पाणी वगैरे भरतं का पावसात?"

मी तिला सांगितलं. पाणी भरत नाही, डोंगर येतो. तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, तीन वाजता. कुठे पाडा होता तो दाखवला. आता तिथे पोटरीएवढं गवत आहे. एक माणूस गेला हेही सांगितलं, आणि त्याचं नाव. ती ऐकताना मुलाची मान सावरत होती.

नवऱ्याने मोबाईलवर काहीतरी उघडलं. "पण बघा ना, इथे तर हा सगळा भाग सपाट दाखवतोय. आणि समजा होता, तरी तो पडून गेला ना ताई? आता अजून काय पडणार?"

"पडला तो अर्धा," मी म्हटलं. "उरलेला अर्धा तुम्हाला इथून दिसतोय."

आम्ही तिघांनी वर बघितलं. मलंगगडाकडून ढग चढत होता आणि त्याची सावली गवतावरून आमच्या बाजूला उतरत होती. बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आल्या रस्त्याने चालायला लागली, चपला हातात घेऊन पळावं तशा घाईने. नवरा दोन पावलं तिच्यामागे गेला. तेवढ्यात फाटकातून रखवालदाराने हाक मारली, "साहेब, सॅम्पल फ्लॅट बघायचा होता ना? उघडलाय."

तो थांबला. बायकोच्या पाठीकडे बघितलं, मग उघड्या फाटकाकडे.

"अगं, आलोच," तो तिला म्हणाला. "नुसता बघून येतो." आणि आत गेला.